यमुनाची डावी बाजू

मी काय काम करते हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. भिवंडीतल्या एका शाळेत मी बावीस वर्षं पी.टी.ची बाई होते, हे लोकांना कळतं. तरुणपणी ज्युदो खेळत होते, हेही चालतं. पण आता मी दुसऱ्यांच्या मारामाऱ्या बघते आणि कोण कुठे चुकतं ते लिहून देते, असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या यजमानांकडे बघतो. ते शांतपणे सांगतात की ही घरातही तेच करते.

या मारामारीचं नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स. मुलं नुसतं एमएमए म्हणतात. जाळीच्या गोल पिंजऱ्यात दोघी उतरतात. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, ज्युदोची फेक, खाली पडल्यावर हात पिळणं, गळा आवळणं, जवळजवळ सगळंच चालतं. पाच मिनिटांचा एक राउंड, असे तीन. हार मानायची असेल तर तळहात आपटायचा. बाहेरून बघणाऱ्याला ते रस्त्यावरचं भांडण वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. भिवंडीतल्याच नारपोलीच्या सलीमभाईंनी त्यांच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, विकून तिथे मॅट टाकल्या आणि मला ज्युदो शिकवायला बोलावलं, तेव्हा मी महिनाभर नाक मुरडत होते. शेजारच्या शेडमधले लूम चालूच असल्यामुळे आमच्या जिममध्ये सूचना ओरडूनच द्याव्या लागतात. माझा घसा बसला आणि गुडघेही थकले, मग मी भिंतीपाशी खुर्ची टाकून नुसती बघायला लागले. तिथून हे काम सुरू झालं.

एखाद्या मुलीची लढत ठरली की तिचा कोच मला समोरच्या मुलीच्या जुन्या लढतींचे व्हिडिओ पाठवतो. दुपारी जेवणं आटोपली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडते. पहिल्यांदा आवाज बंद करून बघते, कारण लोकांचा आरडाओरडा फसवतो. ठोसा हवेत गेला तरी लोक ओरडतात. दुसऱ्यांदा फक्त पाय बघते. ठोसा हाताने मारतात असं वाटतं, पण तो निघतो पायातून. तिसऱ्यांदा श्वास. आणि मग दोन राउंडच्या मधलं विश्रांतीचं मिनिट. ते सगळे पुढे ढकलतात, मी तेच पुन्हापुन्हा बघते. मार खाताना माणूस चेहरा सांभाळतो. स्टुलावर बसला की सांभाळत नाही.

शेवटी एका पानाचा अहवाल लिहायचा. त्यात तीन गोष्टी, चौथी नाही. डोक्यावर फटके पडत असताना कुणालाही चार गोष्टी आठवत नाहीत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. कल्याणचे एक गृहस्थ स्वतःच्याच मुलीचे व्हिडिओ घेऊन आले होते. तिच्यात काही दम नाही असं लिहून द्या, म्हणजे ती बँकेच्या परीक्षेला बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी व्हिडिओ बघितले. मुलगी चांगली होती, तिचा उजवा हात रूळ टाकल्यासारखा सरळ जायचा. मी तसंच लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि हळू आवाजात विचारलं, हिला लागेल का? मी म्हटलं, लागणारच. मग तेवढंच लिहा ना, ते म्हणाले. मी खाली तेवढी एक ओळ वाढवली. मुलगी आता बँकेत आहे असं ऐकते. तो उजवा हात आठवला की अजून हळहळ वाटते, पण त्या बापाने जो प्रश्न विचारला तो मला माझ्या कामात कधी पडला नव्हता, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

कारण तेव्हा मला कामाची धुंदी होती. उत्तरेकडची एक मुलगी कुणालाच हरत नव्हती. वाऱ्यासारखी पायात शिरायची आणि समोरचीला खाली आणायची. मी तिचे सहा व्हिडिओ तीन दिवस बघितले आणि सापडलं. शिरण्याआधी ती डाव्या पायाची बोटं आत दुमडायची. प्रत्येक वेळी. आमच्या मुलीला मी एवढंच सांगितलं, बोटं दुमडली की गुडघा वर घे. पहिल्याच राउंडमध्ये लढत संपली. सलीमभाईंनी सगळ्या जिमला मालपुवे खाऊ घातले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम की नजर से कोई नहीं बचता." मी आठवडाभर त्या वाक्यावर तरंगत होते.

हे सगळं आधी सांगितलं ते पुढचं सांगायला बळ यावं म्हणून.

यमुना वाघे मला भेटली तेव्हा तेरा वर्षांची होती. डोंगरातल्या पाड्यावरची कातकरी मुलगी. आईबाप पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायचे आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर. यमुना आश्रमशाळेत शिकत होती. तालुक्याच्या शिबिरात मी मुलींना ज्युदोच्या जाड कापडी जॅकेटची पकड शिकवत होते. तिने माझी कॉलर धरली आणि मला ती सोडवता येईना. सुट्टीत भट्टीवर कच्च्या विटा उचलून बोटं तशी झाली होती. मी तिला माझ्या शाळेत आणलं. नववी-दहावीची दोन वर्षं ती आमच्या घरीच राहिली. माझी मुलगी लग्न होऊन गेलेली, तिची खोली रिकामी होती. यमुना फार बोलायची नाही. भाकरी मात्र माझ्यापेक्षा चांगली थापायची.

दहावीनंतरही ती माझ्याकडेच शिकत होती. एकोणीस वर्षांची असताना तिला बंगळुरूच्या एका मोठ्या एमएमए जिमने बोलावलं. ती सांगायला आली तेव्हा मी मॅटवर होते. ती दारात उभी राहिली. मला आधीच दुसऱ्याकडून कळलं होतं, म्हणून मी मुद्दाम वळून बघितलं नाही. अर्धा तास मी इतर मुलींच्या फेका दुरुस्त करत राहिले. नंतर बघितलं तर दार रिकामं होतं. त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायचे, न सांगता गेली. इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. पुढे ती मोठी झाली, देशातल्या पहिल्या चार-पाच जणींत तिचं नाव यायला लागलं. एका मुलाखतीत तिने बंगळुरूच्या कोचचं नाव घेतलं, माझं घेतलं नाही. मी ती मुलाखत दोनदा बघितली.

आणि मग सलीमभाईंच्या शबनमची लढत यमुनाशी ठरली.

शबनम नारपोलीचीच. वडील लूम चालवतात, दिवसपाळीला. उंच, लांब पायांची, जिद्दी पोरगी. पण यमुनासमोर तिचं काही चालणार नाही असं सगळेच म्हणत होते. सलीमभाई माझ्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, आपकी ही बच्ची है वो, पता है मुझे. नको असेल तर नाही म्हणा, मी दुसरा कोणी बघतो."

मी म्हणाले, नाही कशाला म्हणू? पाठवा व्हिडिओ.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी आता खरं लिहिते. शबनमबद्दलचं कर्तव्य होतंच. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. जिला मी घडवलं तिला मीच वाचू शकते, हे जगाला आणि तिला दाखवायचं होतं.

सात लढतींचे व्हिडिओ आले. पहिल्या पाचांत मला माझी यमुना दिसली. समोरची पुढे येईपर्यंत ती थांबायची. मग मनगट पकडायचं, एक पाऊल डावीकडे टाकायचं आणि आपल्या पायाने तिचा पाय मागून कापून पाठीवर आपटायचं. वर्षानुवर्षं आम्ही घोटलेली फेक. तिच्यात घाई नव्हती, राग नव्हता. टेबलाशी बसल्या बसल्या माझा हात नकळत कॉलर धरल्यासारखा वळत होता.

सहावी लढत वेगळी वाटली. सातवी तर फारच. जी मुलगी नेहमी डावीकडे फिरायची ती आता कायम उजवीकडे फिरत होती. डावा हात गालाला चिकटवून ठेवत होती. हनुवटी थोडी डावीकडे वळलेली असायची. मनगट पकडायला हात जायचा तो दोन बोटं अलीकडे पडायचा. सातव्या लढतीत समोरच्या मुलीने उजव्या पायाची लाथ डोक्याकडे टाकली, ती यमुनाच्या डाव्या बाजूने आली. यमुना हललीसुद्धा नाही. लाथ नेमकी खांद्यावर पडली म्हणून ती वाचली. लोकांना वाटलं, काय धीर आहे. तिला लाथ आलेलीच कळली नव्हती. मी तो भाग अकरा वेळा बघितला.

मग विश्रांतीचं मिनिट. यमुना स्टुलावर बसली आणि तिच्या माणसाने डाव्या बाजूने पाण्याची बाटली पुढे केली. तिचा हात बाटलीच्या बाजूने हवेत गेला. परत आला, पुन्हा चुकला. मग तिने मान वळवली, बाटली बघितली आणि घेतली.

मी व्हिडिओ थांबवला. मागे घेतला. पुन्हा बघितलं. थकली असेल, असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेले. बाटलीची नोंद मी अहवालात केली नाही, कारण लढतीला तिचा उपयोग नव्हता.

अहवालात मी तीन मुद्दे लिहिले. एक, तिला मनगट पकडू देऊ नका. दोन, तिच्या डावीकडे फिरत राहा. तीन, डाव्या बाजूने डोक्याकडे येणारी लाथ तिला उशिरा दिसते. शब्द माझेच आहेत. उशिरा दिसते, असंच लिहिलं आहे. ज्या बाईने ते लिहिलं तिला ते का उशिरा दिसतं हा प्रश्न पडला नाही. पडला असेल तर तिने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

लढतीला सहा आठवडे होते. शबनमने ती एकच लाथ घोटली. सकाळी, संध्याकाळी, शेकडो वेळा. उजवी लाथ वर जाते तेव्हा सगळं अंग डाव्या पायावर फिरतं, तो पाय मॅटवर पिळत जातो. मी खुर्चीवर बसून मोजायचे. पोरगी कुरकुरली नाही. एक-दोनदा लाथ झाल्यावर तिने तोंड आखडलेलं मी बघितलं. मला वाटलं, जिद्द आहे.

लढत मुंबईतल्या एका बंदिस्त हॉलमध्ये झाली. मी शबनमच्या कोपऱ्यात होते. यमुना समोरून आली, मला बघितलं आणि लांबूनच हात जोडले. मी मान हलवली. तेवढंच.

पहिला राउंड पूर्ण यमुनाचा. तिने शबनमला दोनदा पाठीवर टाकलं. दोन लाथा शबनमच्या डाव्या पायावर मारल्या. विश्रांतीत शबनमच्या नाकातून रक्त येत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, तिचं लक्ष उजवीकडे ठेव, ठोसे तिकडेच दाखव, आणि मग ती लाथ.

दुसऱ्या राउंडच्या मध्यावर शबनमने तीन ठोसे यमुनाच्या उजव्या बाजूला दाखवले, एक पाऊल बाहेर टाकलं आणि लाथ सोडली. यमुनाचा डावा हात तेव्हा मनगट पकडायला पुढे गेलेला होता. लाथ कानशिलावर आणि डोळ्यावर बसली. ती बसकण मारल्यासारखी खाली आली. पंचांनी मध्ये पडून लढत थांबवली.

आमच्या बाजूने एकच गलका झाला. सलीमभाईंनी मला खुर्चीसकट हलवलं. आणि मी सवयीने पलीकडच्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. डॉक्टर यमुनासमोर एक बोट धरून ते हळूहळू फिरवत होते. बोट उजवीकडे गेलं तशी तिची नजर गेली. बोट डावीकडे गेलं. नजर वाटेत थांबली. डॉक्टरांचं बोट पुढे गेलं, आणि ती जिथे ते दिसेनासं झालं तिथेच बघत राहिली.

तेव्हा मला बाटली आठवली. हनुवटी आठवली, उजवीकडे फिरणं आठवलं. सगळं एका जागी आलं. ती चूक नव्हतीच. ते दुखणं होतं, आणि मी ते मुद्दा क्रमांक तीन म्हणून लिहून दिलं होतं.

तिच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. पाच महिन्यांपूर्वीच्या एका लढतीत कोपर लागलं तेव्हापासून. डाव्या बाजूने काळी सावली येत होती आणि ती वाढत होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर खेळ बंद. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं उजव्या डोळ्याने वाचून पाठ करायची, मग डावा डोळा उघडून म्हणून दाखवायची. हे सगळं मला नंतर कळलं. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. आधी आली असती तर बरीच नजर वाचली असती, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं.

शबनमने मला एकदाच विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं का?" मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरं म्हणता येईल असंही नव्हतं. नारपोलीत शबनमचा सत्कार झाला, त्यात मलाही शाल आणि नारळ मिळाला. नारळ फोडायला माझा हात होईना. यजमानांनी तो शेजारी देऊन टाकला.

यमुनाला भेटायला जायला मला चार महिने लागले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका रविवारी यजमान म्हणाले, मी रिक्षा बोलावली आहे, खाली उभी आहे.

यमुना तेव्हा भिवंडीजवळच्या पूर्ण्याला राहत होती. एका मोठ्या गोदामात पॅकिंगला लागली होती आणि गोदामाच्या मागच्या चाळीत आईबरोबर एक खोली घेतली होती. बाहेर कंटेनरच्या गाड्यांची रांग. दार आईने उघडलं. मला बघून तिने पदर सावरला आणि आत वळून म्हणाली, "यमे, बाई आल्यात." मग मला बसायला सतरंजी टाकली, कोरा चहा ठेवला आणि सांगत राहिली की पोरीचं जे काही झालं ते तुमच्यामुळे, न्हायतर हीसुद्धा भट्टीवरच राहिली असती. ती मनापासून बोलत होती. मी चहा फुंकत राहिले.

यमुना तोंड धुऊन आली आणि माझ्या डाव्या हाताला बसली, म्हणजे मी तिच्या उजव्या बाजूला येईन अशी. आई पाणी भरायला गेली. मी बोलायला सुरुवात केली, पण जे घोकून आले होते त्यातलं काही आठवेना. मी एवढंच म्हणाले की तो अहवाल माझा होता.

"म्हाईत हाय मला," यमुना म्हणाली. "ती लाथ शबनमची नव्हती, बाई. तुमचीच होती. पडल्या पडल्या कळला मला."

मी कप खाली ठेवला.

"दवाखान्यात पडल्या पडल्या इचार करत व्हते," ती म्हणाली. "पाच म्हैने कुनाला दिसला न्हाय. माझ्या कोचला न्हाय, डाक्टरला न्हाय. आईलाबी न्हाय. एकट्या बाईंना दिसला. लपवला मी, चूक माझीच हाय. पन मी तुमच्याकडं असते ना, तर तुमी मला उचलून डाक्टरकडं नेला असता."

आवाजात राग नव्हता. तिने तो कधीच आणला नव्हता, लढतीतसुद्धा. मी तिला दारात उभं ठेवलं होतं त्या दिवसाबद्दल बोलले. ती म्हणाली, व्हता माझ्या हातात पेढ्यांचा पुडा, बसमधी मीच खाल्ला. आणि हसली.

मग तिने एक गोष्ट मागितली. तिच्या लढतींबद्दल मी जे काही लिहिलं ते तिला ऐकायचं होतं. इतक्या लोकांनी तिला वाचलं असेल, पण तिला स्वतःला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी तीन मुद्दे सांगितले. ती म्हणाली, हा तर दुसऱ्यासाठीचा झाला, माझा सांगा.

मग मी सांगितलं. डोळा शाबूत असतानाच्या त्या पाचही लढती, पहिलीपासून. ती थांबते तेव्हा समोरच्या मुलीला कशी भीती वाटते आणि ती भीती तिच्या पावलांत कशी दिसते. मनगट पकडल्यावर यमुनाचा अंगठा वर नाही, खाली असतो, म्हणून ती पकड सुटत नाही, आणि हे मी तिला शिकवलेलं नाही, तिचं तिनेच शोधलेलं आहे. तिसऱ्या लढतीत तिने पडता पडता हवेत अंग वळवलं, ते मी माझ्या अख्ख्या आयुष्यात दुसऱ्या कुणात बघितलं नाही. मी तासभर बोलत होते. असा अहवाल मी कधी लिहिला नाही. लिहायला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. यमुना गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. मध्ये एकदा तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

निघताना ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. एक कंटेनर मागे येत होता तेव्हा तिने मला हाताला धरून कडेला घेतलं. आणि म्हणाली, "शबनमचा डावा गुडघा बघा, बाई."

मी विचारलं, काय झालं त्याला?

"ती उजवी लाथ मारती तवा डाव्या पायावर पिळती ना, तवा तोंड करती. पयल्या राउंडलाच दिसला मला. दोन लाथा मारल्या मी तिथं. अजून मारल्या असत्या, खोटा न्हाय बोलत, लढत व्हती ती. पन आता लढत संपली ना. तिला दाखवा कुनाला तरी."

मी रिक्षात बसले. पूर्ण्यापासून घरापर्यंत रिक्षावाला काही ना काही बोलत होता, मी हो हो करत होते.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये मी शबनमला खुर्चीवर बसवून डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. ती ओठ चावून बसली. कधीपासून, विचारलं तर सलीमभाईंकडे बघायला लागली. मग सांगितलं, ती लाथ घोटत होते तेव्हापासून. म्हणजे त्या सहा आठवड्यांपासून, ज्यात मी रोज समोर बसून मोजत होते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? शबनमने सलवार गुडघ्यावरून खाली ओढली. मग म्हणाली, "मॅडम, आप लिख देते."

तिला वाटलं होतं की माझ्या नोंदींच्या वहीत एकदा चढलं की ते कुठल्या ना कुठल्या समोरच्या मुलीपर्यंत पोहोचणार. तिचं काही चुकलं नव्हतं. माझ्या वहीत आजवर जे चढलं ते पोहोचवण्यासाठीच तर चढलं होतं.

सलीमभाईंनी गाडी काढली आणि आम्ही तिला ठाण्याच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा एक पट्टा, लिगामेंट, अर्धा फाटला होता. सहा महिने लाथ बंद, व्यायाम करायचे, मग शस्त्रक्रियेची गरज पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तशीच आणखी एखादी लढत खेळली असती तर तो पूर्ण तुटला असता. मग ते चष्मा काढून आमच्याकडे बघत म्हणाले की अशा मुली दुखणं सांगत नाहीत, बहुतेकदा फार उशीर झाल्यावरच येतात. वेळेवर आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?

सलीमभाईंनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. शबनमनेही.

"माझ्या नाही," मी म्हणाले.